गर्भपाताचा निर्णय आणि जगण्याचा दर्जा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील टिपणात मी असे लिहिले होते की, गर्भधारणा पुढे न्यायची की थांबवायची हा निर्णय अखेर त्या स्त्रीचा असला पाहिजे, आणि तो घेताना स्वतःच्या तसेच होणाऱ्या मुलाच्या जगण्याच्या दर्जाचा विचार करण्याची मोकळीक तिला असली पाहिजे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. पहिल्या पत्राने माझ्या टिपणातला कच्चा दुवा नेमका पकडला आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत लांबले आहे.

प्रश्न १ : माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच त्याच्यात एक गुणसूत्र जास्त आहे. तो आज २९ वर्षांचा आहे, एका छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करतो आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मित्र बाळगून आहे. स्त्रीच्या निर्णयस्वातंत्र्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु त्या बाजूने बोलणारी माणसे ‘अशा मुलाच्या जगण्याला काय अर्थ आहे’ असे सहज बोलून जातात, तेव्हा हे माझ्या भावाच्या तोंडावर बोलले जात आहे असे मला वाटते. आपल्या टिपणातही जगण्याच्या दर्जाचा उल्लेख होता. हक्काच्या बाजूने राहून मी माझ्या भावाच्याही बाजूने राहू शकते का?

उत्तर : राहू शकता. मात्र त्यासाठी एकमेकांत मिसळून गेलेली दोन विधाने वेगळी करावी लागतात, आणि माझ्या टिपणात मी ती वेगळी केली नव्हती, हे मला मान्य केले पाहिजे. पहिले विधान असे की, गर्भ स्त्रीच्या शरीरात वाढतो, त्याचा भार आणि धोका तिला सोसावा लागतो, पुढच्या अनेक वर्षांची जबाबदारीही मुख्यतः तिच्यावर येते, म्हणून निर्णय तिचा. दुसरे विधान असे की, अमुक प्रकारचे मूल जन्माला आले तर त्याचे आयुष्य जगण्याजोगे नसेल, म्हणून गर्भपात योग्य. पहिले विधान स्त्रीविषयी आहे आणि दुसरे आपल्या भावाविषयी आहे. पहिले स्वतःच्या पायावर उभे राहू शकते. तरीही वादाच्या भरात त्याला दुसऱ्याचा टेकू लावला जातो, कारण ऐकणाऱ्याला तो चटकन पटतो. हा टेकू मला कुचकामी वाटतो, आणि आपल्या भावासारख्या माणसांच्या दृष्टीने तो अपमानकारकही आहे.

जीवनमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उत्पन्न, घर आणि सुखसोयी येतात; जगण्याचा दर्जा या शब्दांत तेवढेच अभिप्रेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात याची जी व्याख्या केली तिचा गाभा असा आहे की, माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, स्वतःची उद्दिष्टे आणि अपेक्षा लक्षात घेऊन, आयुष्यातील आपल्या स्थितीकडे तो स्वतः कसा पाहतो, यावरून त्याच्या जगण्याचा दर्जा समजायचा. मोजणारा आणि जगणारा एकच असावा लागतो. गर्भाच्या बाबतीत हे मुळातच शक्य नसते, त्यामुळे तिथे जे काही सांगितले जाते तो दुसऱ्या कोणीतरी बांधलेला अंदाज असतो. असे अंदाज किती चुकतात याचा एक दाखला गॅरी अल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडतो. गंभीर अपंगत्व असलेल्या ज्या व्यक्तींशी ते बोलले, त्यांपैकी ५४ टक्के जणांनी आपल्या जगण्याचा दर्जा चांगला किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे रोजचे जगणे कष्टाचेच दिसत होते. उरलेल्यांचेही ऐकले पाहिजे. सततची वेदना, थकवा आणि स्वतःच्या शरीरावर ताबा न राहणे, ही त्यांनी सांगितलेली कारणे खरी आहेत आणि ‘सगळे छान असते’ असे म्हणून ती झाकता येत नाहीत.

दुसरी अडचण अशी की असा अंदाज लवकर शिळा होतो. १९८३ मध्ये अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षे होते, आज ते सुमारे ६० वर्षे आहे. गुणसूत्रे तीच राहिली. बदल झाला तो असा की जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि ही मुले संस्थांच्या भिंतीआड टाकून न देता घरात वाढवली जाऊ लागली. १९८३ मध्ये एखाद्या डॉक्टरने प्रामाणिकपणे जे भाकीत केले असते, ते आपल्या भावाच्या पिढीसाठी खोटे ठरले असते.

फ्रान्समध्ये हा प्रश्न न्यायालयात फार टोकाला गेला होता. गरोदरपणात रुबेला हा गर्भाला इजा करू शकणारा संसर्ग झालेल्या एका स्त्रीच्या तपासणीत चूक झाली, आपल्याला तो आजार झालेला नाही अशी तिची समजूत करून दिली गेली, आणि तिचे मूल गंभीर अपंगत्व घेऊन जन्माला आले. २००० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्या मुलाला स्वतःच्या नावावर नुकसानभरपाई मागता येईल असा निकाल दिला. आईवडिलांना भरपाई मिळण्याबद्दल फारसा वाद नव्हता, परंतु मुलाला स्वतःच्या जन्माबद्दल भरपाई द्यायची म्हणजे त्याचा जन्म हेच नुकसान मानायचे, असा अर्थ अपंग व्यक्तींच्या संघटनांनी काढला आणि त्या खवळल्या. मार्च २००२ मध्ये संसदेने कायदा करून, केवळ जन्माला येण्याला कोणालाही हानी म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. मला संसदेचे म्हणणे बरोबर वाटते. असणे आणि नसणे यांना एकाच तागडीत तोलता येईल असा तराजू कोणाकडेही नाही.

तरीही काही निदाने अशी असतात की जिथे अंदाजाला वाव उरत नाही. गर्भाच्या मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयारच न होणे, ज्याला अनेन्सेफली म्हणतात, हे त्यांतले एक. पेरूमध्ये २००१ साली १७ वर्षांच्या एका मुलीच्या गर्भाबाबत असे निदान झाले, सरकारी रुग्णालयाने गर्भपात नाकारला, तिला गर्भधारणा पूर्ण करावी लागली आणि बाळ मरेपर्यंत चार दिवस तिला त्याला अंगावर पाजावे लागले. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ही त्या मुलीला दिलेली क्रूर वागणूक ठरवली. २०१२ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा गर्भधारणा थांबवण्यास परवानगी दिली. या प्रकरणांत बाळाच्या आयुष्याच्या दर्जाची चर्चा करण्याची वेळच येत नाही. तिथे प्रश्न असतो त्या मुलीच्या चार दिवसांचा.

कायद्याच्या भाषेबद्दलही आपण अस्वस्थ असाल असे वाटते. ब्रिटनमधील १९६७ च्या गर्भपात कायद्यात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन २४ आठवड्यांची मर्यादा आली, पण मूल गंभीररीत्या अपंग होण्याची मोठी शक्यता असेल तर ती मर्यादा लागत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या हायडी क्राउटर या तरुणीने ही तरतूद आपल्यासारख्यांना कमी लेखते म्हणून न्यायालयात आव्हान दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही ते फेटाळले. भारतातही २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठे व्यंग असल्याचे निदान केले तर आठवड्यांची वरची मर्यादा उरत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे गर्भातील व्यंग हे स्वतंत्र कारण कायद्यातून काढून टाकले गेले आणि गर्भधारणा चालू ठेवल्याने त्या स्त्रीच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे का, एवढाच प्रश्न ठेवला गेला. यावर टीका अशी होते की गर्भपात त्याच कारणांनी होत राहिले, फक्त कागदावरचे शब्द बदलले. टीका खोटी नाही. तरीही मला जर्मन शब्दरचना अधिक योग्य वाटते, कारण कायदा ज्यांच्यासाठी लिहिला जातो त्यांच्याइतकाच तो इतरांनाही ऐकू जात असतो, आणि आपला भाऊ त्या ऐकणाऱ्यांत आहे.

एक धोका मात्र डोळ्यांआड करू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातील गंभीर व्यंगाचे कारण घटनाबाह्य ठरवले. त्या देशातील बहुसंख्य कायदेशीर गर्भपात याच कारणाखाली होत असत, त्यामुळे स्त्रियांपुढचा मार्ग जवळजवळ बंद झाला. अपंगांच्या प्रतिष्ठेचे नाव घेऊन स्त्रीचा निर्णय काढून घेतला जातो तेव्हा प्रतिष्ठेचे वाक्य निकालात लिहिले जाते आणि काळजी घेण्याचे काम त्या बाईच्या पदरात पडते.

मग निर्णय घेताना स्त्रीने जगण्याच्या दर्जाचा विचार करायचाच नाही का? अवश्य करायचा, आणि त्यासाठी तिला पूर्ण माहिती मिळाली पाहिजे. काही वर्षांपूर्वी समुपदेशनाच्या खोलीत एक स्त्री माझ्यासमोर बसली होती. तपासणीचा अहवाल तिने चार घड्या घालून मुठीत धरला होता आणि घड्यांवरची अक्षरे पुसट झाली होती. अहवालात गुणसूत्रांची संख्या होती, टक्केवारी होती, पुढच्या तपासण्यांची नावे होती. तिने मला एकच विचारले, ‘याला स्वतःचे बूट घालता येतील का?’ त्या अहवालात याचे उत्तर नव्हते, आणि तिला निदान सांगणाऱ्या डॉक्टरांनाही ते कोणी शिकवले नव्हते. असे मूल वाढवणाऱ्या एका आईशी मी तिची गाठ घालून दिली. त्या दोघी दीड तास बोलल्या. तिने पुढे काय ठरवले ते मी येथे सांगणार नाही, कारण त्यावरून कोणालाही काही सिद्ध करायला मिळू नये असे मला वाटते. अमेरिकेत २००८ मध्ये अशा निदानांबाबत ताजी आणि पूर्ण माहिती देण्यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. निवडीचा हक्क मानणारे आणि न मानणारे अशा दोन्ही बाजूंच्या लोकप्रतिनिधींनी तो मिळून मांडला होता.

प्रश्न २ : गर्भ हा जीव आहे, हे तर विज्ञानही मानते. तो मानवी जीव आहे हे एकदा मान्य केल्यावर ‘निवड’ या शब्दाला जागाच कुठे उरते?

उत्तर : गर्भ जिवंत आहे आणि तो मानवी आहे, या दोन्ही गोष्टी मी मान्य करते. त्या नाकारून हक्काची बाजू मांडणारे लोक सोपा मार्ग घेतात असे मला वाटते. विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद अमेरिकन तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांनी १९८९ मध्ये मांडला. त्यात धर्माचा आधार नाही. त्यांचे म्हणणे असे की माणसाला मारणे वाईट का, तर त्याच्यापुढे असलेले सगळे भविष्य आपण हिरावून घेतो म्हणून. आणि असे भविष्य गर्भापुढेही असते. हा युक्तिवाद ज्याला मुळीच अस्वस्थ करत नाही त्याने तो नीट वाचलेला नाही.

पण जीव मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतोच. एका माणसाचे शरीर दुसऱ्याला जगवण्यासाठी त्याच्या इच्छेविरुद्ध वापरता येते का? १९७८ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रक्ताच्या गंभीर आजाराने मरणपंथाला लागलेल्या एका माणसाने न्यायालयात धाव घेतली. त्याच्या चुलतभावाचा अस्थिमज्जा त्याला जुळण्याची शक्यता होती, परंतु भावाने पुढे येण्यास नकार दिला होता. न्यायाधीशांनी तो नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय असल्याचे म्हटले आणि तरीही सक्ती करण्यास नकार दिला. काही आठवड्यांतच तो रुग्ण वारला. नैतिक दोष देणे आणि शरीरावर सक्ती करणे यांत न्यायालयाने जी रेघ ओढली तिच्यावरच देहस्वायत्ततेची सारी बाजू उभी आहे. यावर असा आक्षेप घेता येतो की मज्जा न देणे म्हणजे मरू देणे, तर गर्भपात ही कृती आहे, आणि शिवाय आई व मूल हे नाते चुलतभावांसारखे नसते. या आक्षेपांत तथ्य आहे. मला ते पुरेसे वाटत नाहीत, कारण नऊ महिने शरीर देणे हे मज्जा देण्यापेक्षा कितीतरी मोठे देणे आहे. पण एखाद्याला ते पुरेसे वाटले तर मी त्याला निर्दय म्हणणार नाही.

बहुतेक कायदे या दोन टोकांच्या मध्ये, काळाच्या हिशेबाने चालतात. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकण्याच्या टप्प्याला महत्त्व दिले. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रश्न राज्यांकडे सोपवला. फ्रान्सने २०२२ मध्ये १२ आठवड्यांची मर्यादा १४ वर नेली आणि मार्च २०२४ मध्ये गर्भपाताचे स्वातंत्र्य राज्यघटनेत लिहिले. गर्भाचे महत्त्व आठवड्यागणिक वाढत जाते ही सामान्य माणसाची जाणीवच या मर्यादांतून बोलते.

या मर्यादेच्या काठावरची प्रकरणे फार जड असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दोन मुलांची आई असलेली, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर उपचार घेत असलेली एक विवाहित स्त्री आली होती. गर्भ २६ आठवड्यांचा आणि निरोगी होता. आधी परवानगी मिळाली, मग खंडपीठातील दोन न्यायाधीशांचे मत विभागले आणि अखेर तीन न्यायाधीशांच्या पीठाने नकार दिला. या निकालाशी मी पूर्णपणे सहमत नाही, परंतु तो देणाऱ्यांच्या जागी असते तर मलाही रात्री झोप लागली नसती.

प्रश्न ३ : जगण्याचा दर्जा हे स्वार्थाला दिलेले गोंडस नाव आहे. नोकरी, शिक्षण, आर्थिक ओढाताण यांसाठी गर्भपात करायचा आणि त्याला हक्क म्हणायचे! या स्त्रियांना पुढे पश्चात्ताप होतो, हे कोणी का सांगत नाही?

उत्तर : पश्चात्तापाचा मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे आणि तो तपासला गेला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डायना ग्रीन फॉस्टर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील ३० केंद्रांवर आलेल्या सुमारे १,००० स्त्रियांचा पाच वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी काहींना गर्भपात मिळाला होता, तर काहींना केवळ थोडे दिवस उशीर झाल्यामुळे नाकारला गेला होता, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना करता आली. ज्यांना गर्भपात मिळाला त्यांपैकी सुमारे ९५ टक्के स्त्रियांनी तो निर्णय आपल्यासाठी योग्य होता असे सांगितले. ज्यांना नाकारला गेला त्यांच्या घरात आर्थिक अडचणी वाढल्या, आणि त्यांची आधीची मुले गरिबीत राहण्याची शक्यताही वाढली. या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक आधीच आई होत्या, हे येथे ध्यानात घ्यावे. त्या ‘माझी सोय’ म्हणत होत्या तेव्हा पुष्कळदा त्यांच्या मनात घरात वाढणारी दोन मुले होती.

याच अभ्यासातील दुसरी आकडेवारी हक्काच्या बाजूचे लोक सहसा सांगत नाहीत, म्हणून ती मी सांगते. नकार मिळाल्यावर एका आठवड्याने ६५ टक्के स्त्रियांना गर्भपात मिळायला हवा होता असे वाटत होते. बाळ झाल्यावर हे प्रमाण १२ टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांनी ४ टक्क्यांवर. म्हणजे मूल झाल्यावर बहुतेक आयांनी ते मनापासून स्वीकारले. कोणी म्हणेल, मग नकार दिलेलाच बरा होता. मला या आकड्यांत वेगळे दिसते. हातात आलेल्या मुलावर प्रेम करणे ही त्या स्त्रियांची थोरवी आहे. तिचा आधार घेऊन पुढच्या स्त्रीवर सक्ती करणे म्हणजे तिच्या मायेचा गैरफायदा घेणे होय. शिवाय माया बसली म्हणून घरातली ओढाताण संपली नाही, हेही तोच अभ्यास सांगतो.

सक्ती केली की काय होते याचे उत्तर रोमेनियाने दिलेले आहे. १९६६ च्या हुकुमाने तिथे गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली आणि ती डिसेंबर १९८९ पर्यंत टिकली. त्या काळात स्त्रिया चोरून, असुरक्षित मार्गांनी गर्भपात करून घेत राहिल्या आणि मरत राहिल्या. बंदी उठल्यावर एका वर्षातच तिथले मातामृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ७ कोटी ३० लाख गर्भपात होतात आणि त्यांतले सुमारे ४५ टक्के असुरक्षित असतात. स्वार्थ हा शब्द वापरण्यापूर्वी त्या असुरक्षित खोलीत जायला तयार होणारी बाई नेमक्या कशाला घाबरली असेल, याचा आपण विचार करावा अशी माझी विनंती आहे.

प्रश्न ४ : या सगळ्यात पतीचे मत विचारात घ्यायचे की नाही?

उत्तर : घ्यायचे, परंतु त्या मताला नकाराधिकार देता येत नाही. भारतातील कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि अमेरिकेतही १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीला आधी कळवण्याची सक्ती रद्द केली होती. त्यामागचे कारण साधे होते. जिथे दोघांत विश्वास असतो तिथे स्त्री आपणहून बोलते, आणि जिथे ती बोलू शकत नाही तिथे सक्ती तिच्या जिवावर बेतू शकते. पुरुषांनाही या प्रसंगाचे दुःख होते आणि त्यांना ते बोलायला जागा मिळत नाही, हे मात्र मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न ५ : तीन वर्षांपूर्वी, एकविसाव्या आठवड्यात, सोनोग्राफीत माझ्या बाळाची दोन्ही मूत्रपिंडे तयारच झाली नसल्याचे कळले. आम्ही गर्भधारणा थांबवली. ‘सुटलीस’ असे काही जण म्हणाले, तर ‘पदरात पडले ते घ्यायचे असते’ असे काही जण म्हणाले. मी माझ्या बाळाच्या आयुष्याला नापास केले का, हा प्रश्न मला सोडत नाही. माझी मोठी मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिला माझे तेव्हाचे पोट आठवते आणि ती विचारते, ‘आपले बाळ कुठे गेले?’ तिला काय सांगू?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्याला डॉक्टरांनी सांगितले असेलच, तरी पुन्हा लिहिते, कारण अशा दिवशी ऐकलेले पुष्कळदा डोक्यात राहत नाही. गर्भाभोवतीचे पाणी गरोदरपणाच्या उत्तरार्धात मुख्यतः बाळाच्या लघवीचे असते. मूत्रपिंडे नसली की ते पाणी जवळजवळ उरत नाही, आणि पाण्याशिवाय फुप्फुसे वाढत नाहीत. असे बाळ जन्मल्यावर जवळजवळ नेहमीच काही तासांत श्वासाअभावी जाते. आपण त्याच्या आयुष्याला गुण दिले नाहीत. त्याचे मरण कसे आणि केव्हा यावे, एवढेच आपल्या हातात होते आणि त्यातले जे आपल्याला कमी यातनेचे वाटले ते आपण निवडले. एखाद्या आईने तेच निदान ऐकून बाळाला जन्म दिला असता आणि ते काही तास कुशीत घेतले असते, तर तिचाही निर्णय मी तितकाच बरोबर मानला असता. सुटका झाल्याची भावना आणि शोक एकाच वेळी मनात असू शकतात. त्यातली एक खरी ठरण्यासाठी दुसरी खोटी ठरावी लागत नाही. ‘सुटलीस’ म्हणणाऱ्यांना यातली अर्धीच गोष्ट कळली.

मुलीला खरे सांगावे. ‘झोपले’ किंवा ‘दूर गेले’ असे सांगू नये, कारण आठ वर्षांचे मूल शब्द जसेच्या तसे घेते आणि मग झोपायलाच घाबरते. असे सांगता येईल : ‘बाळाच्या शरीराचे महत्त्वाचे भाग तयारच झाले नव्हते. बाहेर आल्यावर त्याला श्वास घेता आला नसता. म्हणून आईबाबांनी डॉक्टरांशी बोलून ते पोटात वाढणे थांबवले, आणि ते गेले. आम्हांला खूप वाईट वाटले, अजूनही वाटते.’ ती कदाचित लगेच खेळायला निघून जाईल. त्याचा अर्थ तिला काही वाटले नाही असा घेऊ नये.

काही दिवसांनी ती आणखी एक प्रश्न विचारण्याची शक्यता आहे, आणि त्याची तयारी आपण आधीच करून ठेवावी. मुले हा प्रश्न बहुधा अंधारात, दिवा मालवल्यावर विचारतात : ‘मी खूप आजारी पडले तर तुम्ही मलापण थांबवाल का?’ या प्रश्नाला क्षणभरही न थांबता ‘कधीच नाही’ असे सांगावे. तू जन्मलीस, तू आमच्याजवळ आहेस, तुला चालता आले नाही, दिसेनासे झाले, काहीही झाले तरी आम्ही तुझी काळजी घेऊ, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि तिने पुन्हा विचारले, तर पुन्हा त्याच शब्दांत सांगावे.